बिनआगीची शेगडी

मुकेशनं वर्तमानपत्राचं पान फाडलं, काळ्या काचेवर अंथरलं आणि त्यावर पाण्याचं पातेलं ठेवलं. बटण दाबताच शेगडी एकदा चिरकली. बघता बघता पातेल्याच्या बुडाशी बारीक बुडबुडे धरले आणि पाणी खदखदायला लागलं. मुकेशनं पातेलं उचलून बाजूला ठेवलं, खालचा कागद काढून आनंदाबाईच्या हातात दिला.

"पाहा काकू. डागसुद्धा नाई पडला."

आनंदाबाईनं कागद उलटसुलट करून पाहिला. कोमट होता, उन्हातून काढून आणलेल्या पोलक्यासारखा. तिनं तो नाकाशी नेला. जळका वास नव्हता, धुराचाही नव्हता.

"यातली आग कोठी हाये?" तिनं विचारलं.

"आगच नाई काकू, थोच तं फायदा हाये. इंडक्शन म्हन्तात याले. भांडं तापते, शेगडी नाई तापत."

"आगीबिगर भांडं कसं तापन रे?"

"थे आता मले नोको इचारू. कंपनीचा मानूस सांगून गेला, मी तुमाले सांगून राह्यलो."

जया हसली. हसता हसता तिनं सासूच्या हातातला कागद काढून घेतला. ती पक्कं ठरवूनच दुकानात आली होती. गेल्या दोन महिन्यांत दोन-तीनदा तिला स्वयंपाकघरात गॅस नुसताच जळताना सापडला होता. वर भांडं नाही, जवळ माणूस नाही, बारीक निळी ज्योत आपली एकटी जळते आहे आणि सासूबाई मागच्या अंगणात तुळशीपाशी पाठ करून उभ्या. गेल्या आठवड्यात ओट्यावरच्या फडक्यानं पेट घेतला. लेक स्वीटी घरात एकटी अभ्यास करत होती, तिनंच पाणी ओतलं. जयानं त्यावर आवाज चढवला नाही. रात्री नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आईले आता ध्यानात राहत नाई. गॅस काढून टाकू." अंकुशनं मान हलवली. छातीत जाळी बसवल्यापासून तो बहुतेक गोष्टींना मानच हलवायचा.

आत्ताही तो दुकानाच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होता आणि रस्त्यावरच्या ऑटो बघत होता.

"अन् हे?" आनंदाबाईनं बाजूच्या शेगडीकडे बोट दाखवलं.

"हे इन्फ्रारेड. आपण लालवाली म्हन्तो." मुकेशनं बटण फिरवलं. काचेच्या खाली एक कडं हळूहळू उजळलं. आधी काळपट तांबडं, मग पिकल्या मिरचीसारखं, मग लालभडक. "याच्यावर कोनतंबी भांडं चालते. पितळ, जर्मन, मातीचं गाडगंसुद्धा. पन हे तापते बरं, हात नोको लावू."

आनंदाबाईनं हात लावला नाही. तळवा मात्र वर धरला. ऊब लागली. तिचा दुसरा हात आपोआप गळ्याशी गेला आणि काळ्या पोतीत ओवलेला चांदीचा टाक मुठीत आला. घरात येणारी प्रत्येक नवी वस्तू या टाकाला आधी दाखवायची, हे तिच्या हाताला डोक्यापेक्षा जास्त पाठ होतं.

"हेच घेऊ," ती म्हणाली.

"आई, हे कसं घेता?" जयाचा आवाज खाली आला. "बंद केलं तरी तापलेलंच राहते हे. कोणाचा हात पडला तं? आपण कायच्यासाठी आलो इथं?"

"मले लाल दिसाले पाह्यजे."

"लाल दिसून काय करता?"

मुकेशनं दोघींकडे पाहिलं, मग दाराकडे. सासू-सुनेच्या मध्ये उभं राहण्यापेक्षा माल उधार देणं सोपं, हे त्याला दुकानदारीनं शिकवलं होतं.

"असं करा, दोन्ही घेऊन जा. रयवारी वापरून पाहा, सोमवारी एक वापस करा. अंकुशभाऊ काय गाव सोडून पळून चालले?"

दारातून अंकुश म्हणाला, "पळता कोठी येते बापा आता. डॉक्टरनं चालाचंच सांगतलं."

ऑटोत दोन खोकी पायाशी ठेवून तिघं वर्ध्यालगतच्या सिंदी मेघ्याकडे, घरी निघाली. आनंदाबाईनं एका खोक्यावर पाय टेकवला होता. कोणत्या, ते तिला बाहेरून ओळखता येत नव्हतं.

*

आनंदाबाई या घरात दुसरेपणावर आली. सासर कारंज्याकडचं, गावाच्या चारी बाजूंनी संत्र्याच्या बागा. नवऱ्याची, चंद्रभानची, पहिली बायको जिजा वारली, तेव्हा अंकुश अंगावर पिणारा होता. आनंदाबाई उंबरठा ओलांडून आत आली, तेव्हा तो रांगत होता. पहिल्या दिवशी तिच्याकडे कोणी पाहिलं असेल तर त्यानंच. तिच्या नव्या जोडव्यांना त्यानं हात लावला आणि तोंडात घालायला गेला.

सासू तिला देवापाशी नेण्याआधी चुलीपाशी घेऊन गेली. जिजाच्या नावाचा चांदीचा टाक तिच्या गळ्यात अडकवला.

"हे जिजी," सासू म्हणाली. "इले इचारल्याबिगर घरात काई आनाचं नाई. नवं लुगडं आधी इले दाखवाचं, मंग नेसाचं. अन् पयला घास इचा. तूप लावून इस्तवात टाकाचा. टाकला का पाठ फिरवून निंगून जाचं. जेवत्या मानसाच्या तोंडाकडे पाहू नये."

दुसरेपणावर दिलेल्या मुलीला टाक नवा नव्हता. तिच्या आत्याच्याही गळ्यात सवतीचा टाक होता. पण घासाचं तिनं ऐकलं नव्हतं. ते पुढे हळूहळू कळलं, थोडं शेजारणींकडून, थोडं सासूच्या झोपेतल्या बडबडण्यातून. जिजाला ताप भरला होता. तापात अन्न म्हणजे विष, असं तेव्हा सगळेच म्हणत. जिजा भाकर मागत राहिली. सासूनं दिली नाही, तिच्या भल्यासाठीच दिली नाही. शेवटी मागण्याचंही त्राण उरलं नाही, तेव्हा जिजा कूस बदलून चुलीकडे तोंड करून पडली. गेली तेव्हाही डोळे तिकडेच होते.

"उपाशी गेलेलं मानूस कोठी जात नाई," सासू एवढंच म्हणायची. "तू तिचा घास तिले देत जाय. जवरिक देशीन तवरिक थे पोराले आपल्यापाशी बलावनार नाई. अन् हे पोराच्या कानावर जाऊ देऊ नोको. माय ध्यानात आली का पोर झुरते."

आनंदाबाईची कूस उजवली नाही. म्हणजे अंकुश हे एकच पोर होतं, आणि तेही दुसरीचं. पहिल्या वर्षात एकदा शेजारी लग्न होतं, घाईगर्दीत घास राहून गेला. त्याच दिवशी अंकुशला तापात झटका आला. डोळे पांढरे झाले, हातपाय ताठ झाले. तो बरा झाला, पण आनंदाबाई नंतर कधी विसरली नाही. माहेरी गेली तर माहेरच्या चुलीत टाकायची. शेतावर राहावं लागलं तर तीन दगड मांडायची.

आणि तीन-चार वर्षांनी घास जाऊ लागला. भांडी घेऊन ती विहिरीवर जायची आणि परत येऊन विस्तवाकडे बघायची, तर घास नसायचा. कोळसा नाही, राखेत गोळा नाही, काही नाही. सासू वाकून बघायची आणि म्हणायची, "जेवली." तो एक शब्द ऐकला की दोघींचा दिवस सुटायचा. आनंदाबाईच्या पाठीवर मात्र काटा उभा राहायचा. आपण विहिरीवर असताना या एवढ्याशा घरात कोणीतरी वाकून बसतं, जेवतं आणि जातं. तिनं जिजाला कधी पाहिलं नव्हतं. तिचा फोटो नव्हता. चेहरा नसलेलं माणूस रोज घरात जेवून जायचं.

मग अंकुश शिकायला वर्ध्याला गेला, वसतिगृहात राहिला. त्या दिवसापासून घास विस्तवातच राहू लागला. संध्याकाळी राख काढताना काळा खडा हाताला लागायचा. सासूनं तो खडा तळव्यावर घेऊन पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"थे पोराच्या मांगं गेली," ती म्हणाली.

चंद्रभानला दुसऱ्याच दिवशी वर्ध्याला पिटाळलं. तो परत आला तो चिडून. पोरगं धडधाकट होतं, दोन ताटं जेवत होतं, मित्रांसमोर बाप आला म्हणून लाजत होतं. पण दिवाळीच्या सुट्टीत अंकुश घरी आला आणि घास पुन्हा नाहीसा होऊ लागला. सुट्टी संपली, पुन्हा काळा खडा. यापुढे आनंदाबाईला कोणी काही पटवून द्यायची गरज उरली नाही.

सासू गेली, चंद्रभान गेला. अंकुशला एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली, सिंदी मेघ्यात घर झालं, चुलीच्या जागी गॅस आला. आनंदाबाई घास चिमट्यात धरून ज्योतीवर भाजायची, बर्नरच्या कडेला ठेवायची, ज्योत बारीक करायची आणि पाठ फिरवून तुळशीपाशी जाऊन उभी राहायची. परत यायची तर खडा तिथंच. इथली आग तिला रुचत नसेल, असं ती स्वतःला सांगायची. पण मागच्या वर्षी अंकुश वर्कशॉपमध्ये छाती धरून खाली बसला, तेव्हापासून ती ज्योत जास्त वेळ ठेवू लागली. तुळशीपाशी जास्त वेळ उभी राहू लागली. जेवू दे तिला. पोटभर जेवू दे.

हे जयाला कसं सांगायचं? जया शहाणी होती, मायेची होती, सासूचं डोकं दुखलं तर तेल चोळणारी होती. सांगितलं असतं तर तिनं डॉक्टरची चिठ्ठी काढली असती. आणि अंकुशला सांगायचं म्हणजे त्याच्यासमोर जिजाचं नाव घ्यायचं. तो हाताखाली वाढला, त्याचे केस पिकले, पण ते नाव दोघांमध्ये एकदाही आलं नव्हतं. आपली जन्मदाती दुसरी होती हे त्याला ठाऊक होतं, आणि हे तिला ठाऊक होतं. तेवढंच.

*

रविवारी सकाळी जया स्वीटीला क्लासला सोडायला गेली. तिथून बाजार करून, पोरीला घेऊनच परत यायची होती. ओट्यावर दोन शेगड्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या, एक निव्वळ काळी आणि एक लाल होणारी. गॅसचं सिलिंडर अंकुशनं काढून जिन्याखाली ठेवलं होतं.

"काई कराचं नाई आई," जया जाताना म्हणाली. "मी आल्यावर दोघी मिळून पाहू."

"हो व, माहीत हाये. मी काय खेळाले चालली?"

फाटक वाजलं तशी आनंदाबाई परातीशी बसली. ज्वारीचं पीठ मळलं, भाकर थापली. लालवालीचं बटण मुकेशनं फिरवलं होतं तसं फिरवलं. कडं उजळलं. तव्यावर भाकर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. भाकर फुगली नाही, पण शिजली. पहिल्या भाकरीचा तुकडा मोडून तिनं त्याला तूप लावलं. तवा उतरवला आणि घास त्या लाल कड्यावर, काचेवरच, ठेवला.

तूप चरचरलं. धूर निघाला, पांढरा, सरळ वर जाणारा. किती दिवसांनी तिनं असा धूर पाहिला. हीच ठेवायची, तिनं मनात म्हटलं. जयाशी भांडावं लागलं तरी हीच ठेवायची. टाक मुठीत धरून तिनं पाठ फिरवली.

दारात अंकुश उभा होता.

"माय, काय जळून राह्यलं?"

"काई नाई. तू बस तिकडे, टीव्ही पाहाय."

तो तिला ओलांडून आत गेला. आनंदाबाई चौकटीला धरून उभी राहिली. आता तो बघणार, बटण बंद करणार आणि संध्याकाळी नवरा-बायको दार लोटून हळू आवाजात बोलणार. गॅस झाला, आता हेही. मग एक दिवस तिला ओट्याला हातच लावू देणार नाहीत. मग कोण टाकणार घास? आणि टाकला नाही तर?

अंकुश ओट्यावर वाकला. त्यानं खोल श्वास घेतला. मग दोन बोटांनी तो घास झटकन उचलला, या हातातून त्या हातात उडवला, त्यावर फुंकर मारली आणि तोंडात टाकला.

"थुक!" आनंदाबाई किंचाळली. "थुक थे! आधी थुक!"

"काऊन? भाकरच तं हाये."

"थे तुही नाई!"

"माहीत हाये मले." तो चावत होता. कडक कडा दाताखाली कुरकुरत होती. "जिजामायची हाये."

मधल्या इतक्या वर्षांत जे नाव दोघांत आलं नव्हतं, ते असं भाकरीबरोबर तोंडात घोळवून त्यानं सांगितलं. तिनं स्टूल ओढलं आणि ती बसली.

"कोनं सांगतलं तुले?"

"सांगाले कायले पाह्यजे? आजी रोज इचारे तुले, जिजीचा घास टाकला का म्हनून. मी तिथंच तं लोयत राहो. अन् जिजी कोन थे शेजारच्या तानबाच्या मायनं सांगतलं, मी एवढुसा होतो तवाच."

"मंग?"

"मंग काय! तू भांडे घेऊन इहिरीवर गेली का मी फुकनीनं उकरून काढो अन् खाओ. हात पोळे, जीभ पोळे. पन लय गोड लागे माय. वरतून अशी कडक, अन् आत तूप जिरलेलं. त्याच्यासारखी भाकर मंग कोठीच नाई खाल्ली." तो बोटं चाटत होता. डॉक्टरांनी तूप बंद केल्याला वर्ष होत आलं होतं. "मले वाटे, माह्यासाठीच ठेवून जाते थे. बाकीच्या पोरायची माय समोर बसून खाऊ घालते, माही चुलीतून देते."

आनंदाबाई त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या ते लक्षात आलं. तो ओशाळला.

"तसं नाई. समोर बसून तं तूच चारे. म्हनूनच नाई सांगतलं तुले कधी. तुले वाटलं असतं, या पोट्ट्याचं एका मायनं पोट भरत नाई."

लाल कडं काचेखाली तसंच जळत होतं. तिनं विचारलं,

"रोज खाये?"

"रोज. वर्ध्याले शिकाले गेलो तवाच सुटलं. सुट्टीत आलो का पयलं काम तेच."

"थोडा तरी ठेवे का रे तिथं?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "अर्धा? चिमूटभर?"

"अर्धा कायले ठेवतो! एवढुसा तं असे." अंकुश हसला. बटण बंद करून त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू उगाच घाबरली. जयाले नाई सांगत मी, बस? पन तूप खाल्लं थे तूबी नोको सांगू."

तो बाहेर गेला. टीव्हीचा आवाज वाढला.

आनंदाबाई स्टुलावरून उठली नाही. काचेखालचं कडं मिरचीचं तांबडं झालं, मग काळपट, मग दिसेनासं झालं. सासू विस्तवावर वाकायची, "जेवली" म्हणायची आणि दोघी मोकळ्या व्हायच्या. त्या दिवशी जिजा जेवली नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. विहिरीवरून येताना ज्या घराच्या दाराशी आनंदाबाईच्या पायांना घाम सुटायचा, त्या घरात कोणी बसून जेवलंच नव्हतं. चुलीकडे तोंड करून पडलेली बाई तशीच पडून होती. तिच्या हातातला घास रोज तिचं पोरगं नेत होतं.

आणि तिनं पोराला बोलावलं नव्हतं. इतकी वर्षं उपाशी, तरी नाही. तो बाहेरच्या खोलीत होता, पन्नाशीचा, पोट सुटलेला, क्रिकेटवाल्यांना शिव्या देत.

आनंदाबाईनं पदर तोंडाशी धरला. रडू आलं नाही. तिनं टाक मुठीतून सोडला, तो पोलक्यावर पडला. तिनं खाली मान घालून त्याच्याकडे पाहिलं. घासून घासून त्यावरचा चेहरा कधीच गेला होता.

*

जया आली ती धसकतच आली. घरात भाजल्याचा वास होता. तिनं पिशव्या ठेवल्या, लालवालीची काच चाचपली आणि सासूकडे पाहिलं.

"काळी ठेव," आनंदाबाई म्हणाली.

"काय?"

"इंडक्शन ठेव. लाल वापस करून टाक उद्या."

"तुमाले तं लाल दिसाले पाह्यजे होतं ना?"

"आता नाई पाह्यजे."

जयाला वाटलं, हात पोळला असेल. तिनं सासूचे दोन्ही हात धरून, उलटे-सुलटे करून पाहिले. पोळले नव्हते. मग ती मोकळी हसली, पदर खोचला आणि कामाला लागली. काळ्या शेगडीवर वरण लावलं, वांगी फोडणीला टाकली. आनंदाबाईनं लोखंडी तव्यावर बाकीच्या भाकरी केल्या. आग नव्हती, धूर नव्हता. शेगडी मधूनमधून चिरकायची आणि स्वीटी हसायची. "आजी, तिले तुह्याशी बोलाचं हाये!" आनंदाबाईनं भाकर फडक्यानं दाबली. पहिल्या भाकरीचा तुकडा तिनं मोडला नाही. ती अख्खी काढून वेगळी ठेवली आणि वर चमचाभर तूप घातलं.

ताटं तिनं मांडली. जया वरणाचं पातेलं घेऊन आली आणि थांबली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग सासूजवळ वाकून, आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली,

"आई, पाच झाले. आपण चौघं हाव ना?"

"मोजता येते मले."

"मंग कोन येऊन राह्यलं?" स्वीटीनं विचारलं. "पाहुना हाये का, आजी?"

"पाहुना नाई. घरचीच हाये."

टेबलाच्या या बाजूला अंकुशच्या उजव्या हाताची खुर्ची आनंदाबाईची होती. हे घर झाल्यापासून त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं नव्हतं. जयाही नाही, नवी नवरी असतानाही नाही. आनंदाबाईनं तिथलं आपलं ताट उचललं आणि समोरच्या बाजूला, स्वीटीशेजारी नेऊन ठेवलं. पाचवं ताट अंकुशच्या उजव्या हाताशी सरकवलं. ताट टेबलावर टेकलं तरी तिनं कड लगेच सोडली नाही. अंकुश तिच्याकडे बघत होता. मग तिनं सोडली.

तिनं त्या ताटात वाढलं. वांग्याची भाजी, वरण, ठेचा, आणि ती अख्खी भाकर. जयानं तोंड उघडलं, पण अंकुशनं नुसती मान हलवली, आणि ती खुर्ची ओढून बसली.

जेवायला सुरुवात झाली. मग स्वीटीनं क्लासमधल्या सरांची नक्कल केली, जयाला ठसका लागला, वांगी तिखट झाली होती. आनंदाबाई जेवत नव्हती. ती समोर बघत होती, अंकुशकडे, त्याच्या श्वासाकडे, त्याच्या खाली-वर होणाऱ्या सदऱ्याकडे. बाजूची खुर्ची रिकामी होती. ताटातली वाफ अजून गेली नव्हती.

अंकुशची भाकर संपली. टोपलीकडे जाता जाता त्याचा हात उजवीकडे वळला, तुपाच्या भाकरीच्या कडेशी.

"अहो!" जया ओरडली. "तूप हाये थे!"

"हात काढ," आनंदाबाई म्हणाली.

असा आवाज त्या घरात बऱ्याच वर्षांत कोणी ऐकला नव्हता. अंकुशनं हात मागे घेतला, लहान पोरगं घेतं तसा. स्वीटी हसायची थांबली.

"थे तिचं हाये," आनंदाबाई हळू म्हणाली. "तिले जेवू दे."

तिनं आपल्या ताटातली कोरडी भाकर मधोमध मोडली आणि टेबलावरून वाकून अर्धी त्याच्या ताटात ठेवली.